स्लावुता, झितोमिर आणि जुन्या हसीदी पुस्तकांची पारख

हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं. मराठी वाचकाच्या हाताला सवय उलटी, त्यामुळे नकळत शेवटचं पान आधी समोर येतं. जुन्या पुस्तकाच्या बाबतीत मी हीच पद्धत धरायला सांगतो. पुठ्ठा सैल झाला की आधी झिजतात ती टोकाची पानं. त्यांतलं पहिलं पान विकणारा जपतो, कारण त्यावर गावाचं नाव आणि साल असतं. शेवटच्याकडे सहसा कुणी बघत नाही. म्हणून दुकानात पुस्तक हातात आलं की मी ते शेवटून उघडतो आणि शेवट जागेवर असेल तरच पुढची चौकशी करतो.

मी इस्राएलातल्या लोदला राहतो. जन्म पनवेलचा, घर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घरातली भाषा मराठी. इस्राएलात आल्यावर पुस्तकबांधणीचं काम मिळालं आणि पेन्शनीत निघेपर्यंत तेच केलं. जेरुसलेम आणि बने ब्राकच्या येशिवांमधून, म्हणजे धर्मपाठशाळांमधून, पुस्तकं बांधायला यायची, आणि त्यांत हसीदी या भक्तिमार्गी ज्यू पंथाच्या संतांची, काबालाच्या, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येच्या, भाष्यांची जुनी पुस्तकं असायची. आमच्या कोकणातल्या परंपरेत हसीदी पंथ कधीच नव्हता. तो युक्रेन, पोलंड, बेलारूसकडचा. ही पुस्तकं मला आधी हातानं कळली: कागद, दोरा, कणा, खळ. वाचायला लागलो ते नंतर. म्हणून इथं सांगतोय ते बांधणाऱ्याच्या बाजूनं आहे, पंडिताच्या नाही.

काय जमवायचं हे पहिल्या खरेदीआधी ठरवा, आणि जेवढं अरुंद ठरवाल तेवढं बरं. 'जुनी काबाला पुस्तकं' हा विषय होऊ शकत नाही. त्यात चारशे वर्षं आणि मांतुआपासून बगदादपर्यंतचे छापखाने येतात. एक ग्रंथ घ्या आणि त्याच्या सगळ्या आवृत्त्या शोधा, किंवा एक गाव घ्या, किंवा एक छापखाना. मी युक्रेनमधल्या स्लावुता गावचं शापिरा हे छापणारं घराणं धरलं. ते का, हे सांगण्याआधी सगळा पट थोडक्यात डोळ्यांसमोर हवा.

काबालाचा मुख्य ग्रंथ झोहार. तो १३व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये लोकांपुढे आला आणि १५५८ ते १५६० च्या दरम्यान इटलीत मांतुआ आणि क्रेमोना या दोन गावांत जवळजवळ एकाच वेळी छापला गेला. मांतुआचा तीन खंडांत, क्रेमोनाचा एकाच भल्यामोठ्या खंडात. आजही झोहारचा संदर्भ देताना मांतुआच्या पानांचे आकडे देतात. पुढे गालिलमधल्या 'सफेद' (त्सफात) नावाच्या गावी इसहाक लुरिया यांनी काबालाला नवं वळण दिलं. ते १५७२ साली वारले. त्यांची शिकवण शिष्य हाईम व्हिताल यांनी लिहून ठेवली, पण ती दोनशे वर्षं हस्तलिखितांतूनच फिरत राहिली. 'एत्स हाईम' हा तिचा मुख्य ग्रंथ छापून निघाला तो १७८२ साली कोरेत्स नावाच्या गावी, जे आज युक्रेनमध्ये आहे. त्याच कोरेत्समध्ये दोन वर्षं आधी, १७८० साली, पहिलं हसीदी पुस्तक छापलं गेलं होतं: पोलोनोयेचे राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, याकोव्ह योसेफ यांचं 'तोलदोत याकोव्ह योसेफ'. हसीदी पंथाचे मूळ पुरुष बाल शेम तोव्ह १७६० सालीच वारले होते आणि त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडची वचनं छापील रूपात पहिल्यांदा याच पुस्तकातून बाहेर पडली. पंथावर १७७२ पासून विल्नाच्या (आजच्या लिथुआनियातल्या विल्नियसच्या) पंडितांचा बहिष्कार होता. अशा काळात एका लहान गावातल्या छापखान्यानं ही दोन्ही कामं दोन वर्षांत उरकावीत, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतरची थोडी नावं लक्षात ठेवा, कारण विकणाऱ्यांच्या तोंडी तीच असतात. 'नोआम एलिमेलेख', ल्वोव्ह, १७८८. 'तान्या', स्लावुता, १७९६. 'केदुशात लेव्ही', स्लावुता, १७९८. ब्रेस्लोव्हच्या राब्बी नाहमान यांचं 'लिकुते मोहरान', ओस्त्रोह, १८०८. यांच्या पहिल्या आवृत्तीला बाजारात 'दफूस रिशोन' म्हणतात, आणि हे दोन शब्द लागले की भाव माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेर जातो. जाऊ द्या. ज्या आवृत्त्यांतून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला त्या बहुतेक दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या होत्या. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातली लेम्बर्ग (म्हणजे ल्वोव्हच), वॉर्सा, झितोमिरची पुनर्मुद्रणं अजूनही काहीशे शेकेलांत मिळतात. त्यांच्या समासांत पेनानं लिहिलेली टिपणं असतात, पानांवर मेणबत्तीचं मेण सांडलेलं असतं. माझं मन अशा पुस्तकांकडेच ओढ घेतं.

आता स्लावुता. कोरेत्सचे राब्बी पिनहास हे बाल शेम तोव्ह यांच्या वर्तुळातले. त्यांचे चिरंजीव मोशे शापिरा यांनी १८व्या शतकाच्या शेवटच्या दशकात स्लावुताला छापखाना काढला. कागद बरा, अक्षरं मोठी आणि ठसठशीत, नामपृष्ठावरच्या काही ओळी लाल शाईत. हसीदी लोकांमध्ये आख्यायिका अशी की अक्षरांचे खिळे वापरण्याआधी मिक्वेच्या, म्हणजे शुद्धिस्नानाच्या, पाण्यात बुडवून घेतले होते. म्हणून स्लावुताचा झोहार किंवा स्लावुताची स्तोत्रं घरात असणं भाग्याचं मानतात.

१८३५ साली छापखान्यातला एक कामगार फास लागलेल्या अवस्थेत सापडला. चुगली झाली की मालकांनीच त्याला संपवलं. मोशे शापिरांचे मुलगे श्मुएल अब्बा आणि पिनहास यांना अटक झाली. शिक्षा ठरली ती सैनिकांच्या दोन रांगांमधून चालत फटके खाण्याची आणि त्यानंतर हद्दपारीची. त्यांची सुटका व्हायला १८५६ साल उजाडलं. लोक सांगतात की फटके खाताना एका भावाच्या डोक्यावरची टोपी पडली, तर उघड्या डोक्यानं पुढं पाऊल टाकायचं नाही म्हणून तो फटक्यांच्या माऱ्यात थांबला आणि वाकून ती उचलली. १८३६ च्या झारशाही हुकमानं रशियन साम्राज्यातले हिब्रू छापखाने बंद झाले. विल्नाचा राहिला. नंतर दुसरा परवाना निघाला तो झितोमिरचा, आणि १८४७ साली तिथं पुन्हा छापखाना सुरू केला तो याच घराण्याच्या पुढच्या पिढीनं. १८३६ पर्यंत स्लावुता, १८४७ पासून झितोमिर, मधली अकरा वर्षं रिकामी. माझ्या कपाटातही ती जागा मी तशीच ठेवली आहे. संग्रहाला असा कणा असला की समोर आलेलं पुस्तक घ्यायचं की सोडायचं, हे ठरवायला वेळ लागत नाही.

नामपृष्ठ वाचायला शिका. त्याला 'शार' म्हणतात. विकणारा 'शार नाही' म्हणाला की समजायचं, नामपृष्ठ गेलेलं आहे. शारवर ग्रंथाचं नाव, लेखक, गाव, छापखाना आणि साल असतं. पुढच्या पानांवर 'हस्कामा' असतात, म्हणजे नामवंत राब्बींची अनुमतिपत्रं. हस्कामांवरच्या तारखा नीट बघा, त्या शारवरच्या सालाशी जुळायला हव्यात. पुनर्मुद्रणात जुन्याच हस्कामा जशाच्या तशा छापलेल्या असतात. हस्कामा १७८० ची म्हणून पुस्तक १७८० चं ठरत नाही.

साल आकड्यांत नसतं, अक्षरांत असतं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे. 'तोलदोत'चं साल ताव, कोफ, मेम. ताव म्हणजे ४००, कोफ म्हणजे १००, मेम म्हणजे ४०. बेरीज ५४०. हजाराचा आकडा गाळून लिहायची रीत आहे, म्हणजे पुरं साल ५५४०. गाळलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो: १७८०. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे त्या वर्षाचे पहिले तीन-चार महिने मागच्या इसवी सनात पडतात. 'तान्या'चं साल ५५७, बेरीज १७९७ येते, पण छपाई पुरी झाली किस्लेव्ह महिन्यात, म्हणजे डिसेंबर १७९६ मध्ये. म्हणून सूचींमध्ये १७९६ दिसतं.

अवघड असतं ते कूटसाल. छापणारे सरळ तीन अक्षरं देण्याऐवजी बायबलमधलं एखादं वचन देतात आणि त्यातली काही अक्षरं मोठी छापतात किंवा त्यांच्यावर टिंबं देतात. तेवढ्याच अक्षरांची बेरीज धरायची. त्यात 'हे' हे अक्षर आलं तर जास्त काळजी घ्या, कारण त्याची किंमत पाच आणि तेच पाच हजारांसाठीही वापरतात. साल पाच वर्षांनी इकडंतिकडं होतं ते इथंच. शिवाय मोठं अक्षर खरंच मोठं आहे की शाई पसरली आहे, हे भिंगाखाली बघितल्याशिवाय ठरवू नका.

गावाचं नावही विश्वासानं घेऊ नका. अ‍ॅम्स्टरडॅमची हिब्रू छपाई सगळ्या युरोपात नावाजलेली होती. त्यामुळे जर्मनीतल्या लहान गावांतले छापणारे 'अ‍ॅम्स्टरडॅमच्या अक्षरांत छापलेलं' असं लिहीत आणि त्यातला 'अ‍ॅम्स्टरडॅम' हा एकच शब्द दुरून दिसेल एवढा मोठा करीत. 'च्या अक्षरांत' एवढे शब्द मुंगीएवढे, आणि खरं गाव खाली कोपऱ्यात. नामवंत गावाचं नाव ठळक दिसलं की आजूबाजूची बारीक अक्षरं आधी वाचायची. दुसरा प्रकार भीतीपोटी घडलेला. ऑस्ट्रियाच्या राज्यात, म्हणजे ल्वोव्ह आणि झोल्कियेव्हच्या भागात, काबाला आणि हसीदी पुस्तकांवर सेन्सॉरची बंदी होती. तिथले छापणारे गाव गाळत, साल मागचं टाकत किंवा दुसऱ्याच गावाचं नाव देत. अशा पुस्तकाचं खरं गाव ठरतं ते अक्षरांच्या वळणावरून, वेलबुट्टीच्या ठशांवरून आणि कागदावरून. हे काम तज्ज्ञांचं आहे. विकणारा छातीठोकपणे गावाचं नाव सांगू लागला तर त्याला सूचीतली नोंद दाखवायला सांगा.

सूची म्हणजे काय, तेही सांगतो. इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हिब्रू छापील पुस्तकांची सूची आहे. १४७० च्या दशकापासून १९६० पर्यंतची पुस्तकं तिच्यात येतात आणि ती घरबसल्या बघता येते. फ्रीडबर्ग आणि विनोग्राड यांच्या सूची मोठ्या ग्रंथालयांत असतात. विनोग्राडची मांडणी गावांप्रमाणे आहे, त्यामुळे छापखाना धरून जमवणाऱ्याला तीच सोयीची. 'हिब्रूबुक्स' या संकेतस्थळावर हजारो जुन्या पुस्तकांची पानं फुकट बघायला मिळतात. खरेदीला निघण्याआधी हव्या असलेल्या आवृत्तीचं शार आणि शेवटचं पान मी तिथून मोबाइलमध्ये घेऊन ठेवतो. दुकानात उभं राहून ताडून बघायला दुसरं काही लागत नाही.

पानांची मोजणी हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग, आणि तो कधीच सोडायचा नाही. हिब्रू पुस्तकात आकडा पृष्ठाला नसतो, 'दाफ'ला असतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका पानाला. सूचीत १२० लिहिलं असेल तर पृष्ठं २४०. आकडे छापताना चुकाही पुष्कळ झालेल्या आहेत, एखादा आकडा दोनदा येतो, एखादा येतच नाही. म्हणून आकड्यांवर विसंबू नका. प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक सुटा शब्द छापलेला दिसेल. तो पुढच्या पृष्ठाचा पहिला शब्द असतो, बांधणाऱ्याला फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, ओळीनं लावता यावेत म्हणून दिलेला. तो शब्द बघा, पान उलटा, पहिला शब्द जुळतो का बघा. हिब्रू वाचता येत नसलं तरी दोन आकार सारखे आहेत की नाहीत हे डोळ्यांना कळतं. मधलं पान गळालं असेल तर तिथं जोड तुटलेला दिसतोच. शंभर पानांच्या पुस्तकाला जो वेळ लागेल तो लागू द्या. विकणारा घाई करत असेल तर पुस्तक खाली ठेवा.

कागद आता. १८५० च्या आसपासपर्यंतचा कागद चिंध्यांचा. उजेडासमोर धरला की कागद बनवायच्या चाळणीच्या आडव्याउभ्या रेषा दिसतात, कधी पाणचिन्हही दिसतं. पूर्व युरोपातल्या त्या काळच्या पुस्तकांत निळसर, हिरवट कागद पुष्कळदा आढळतो, त्यानं बिचकू नका. उलट एखाद्या पुस्तकात सगळी पानं निळसर आणि मधलीच चार पांढरी असली तर थांबा. ती दुसऱ्या प्रतीतून आणून घातलेली असू शकतात, आणि छापणाऱ्याकडचा कागद संपल्यामुळे मुळातच तशी असू शकतात. कोणतं खरं हे शिवणीत बघून कळतं: मूळ फर्म्यात पान दुसऱ्या पानाशी जोडलेलं असतं, बाहेरून आणलेलं पान बहुधा काठाला चिकटवलेलं असतं. १८७० नंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि तो आपल्याच आम्लानं जळतो. १७९० चं पान आजही मऊ आणि चिवट लागतं, १८९० चं पान कोपऱ्याला बोट लावलं तर बिस्किटासारखं तुटतं. जुनं म्हणून नाजूक आणि नवं म्हणून टिकाऊ, हा हिशेब या पुस्तकांना लागू नाही.

छपाई खरी की नक्कल, हे बोटांनी तपासा. खिळ्यांची छपाई कागदात रुतते, पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं की उठाव जाणवतो. २०व्या शतकात न्यूयॉर्क, जेरुसलेम, बने ब्राक इथं पहिल्या आवृत्त्यांच्या ऑफसेट नकला अभ्यासासाठी निघाल्या. कुणीतरी नंतर त्या चामड्यात बांधतो आणि अनोळखी माणसाला त्या जुन्या वाटतात. ऑफसेट गुळगुळीत लागतं. खऱ्या प्रतीत एखादं गहाळ पान अशा नकलेतून घातलेलं असेल तर ते वाईट नाही, फक्त विकणाऱ्यानं आधी सांगायला हवं आणि किंमत त्याप्रमाणे हवी.

समास बघा. पूर्वीचे बांधणारे दर नव्या बांधणीला कडा कापून सारख्या करत. दोन-तीन बांधण्यांमध्ये समास एवढा कमी होतो की वरची ओळ किंवा बाजूचं टिपण तुटतं. मी या धंद्यातला असूनही सांगतो: मूळ बांधणी कितीही फाटकी असली तरी ती उखडून नवी करायला देऊ नका. तिच्यासाठी आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी करून घ्या. कसरीची भोकं मला खुपत नाहीत. भोक शब्दाच्या मधून गेलं असेल तर किंमत कमी करून मागा, समासात असेल तर विसरून जा.

हस्ताक्षरं आणि शिक्के हा या छंदातला सगळ्यांत ओढ लावणारा भाग, आणि फसवणूकही तिथंच जास्त. पहिल्या कोऱ्या पानावर अनेकदा 'पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व काही परमेश्वराचं आहे' हे स्तोत्रवचन असतं आणि खाली मालकाचं नाव. आधी सगळं देवाचं म्हणायचं आणि मग आपलं नाव घालायचं. मला ही रीत फार आवडते. एखाद्या प्रसिद्ध रेब्बेची, म्हणजे हसीदी गुरूची, सही असेल तर पुस्तकाची किंमत कित्येक पट होते, म्हणून खोट्या सह्या आणि खोटे शिक्के निघतात. जुन्या कागदावर आता मारलेला शिक्का भिंगातून बघा. कडांना शाई फुटलेली दिसली तर संशय घ्या, आणि शिक्का किडीच्या भोकाच्या आतल्या कडेवरही उतरलेला दिसला, तर तो भोक पडल्यानंतरचा आहे.

रशियन अक्षरांतले शिक्के दिसले तर ते बहुधा सेन्सॉरचे. १८३६ च्या हुकमानंतर घरातली जुनी पुस्तकंही तपासायला द्यावी लागत. १९व्या शतकाच्या रशियन राज्यातल्या पुस्तकांवर शारच्या मागे सेन्सॉरची परवानगी आणि तिची तारीख रशियनमध्ये छापलेली असते. कूटसालाची बेरीज बरोबर आली की नाही हे ताडायला तिचा फार उपयोग होतो.

ग्रंथालयांचे शिक्के दिसले की हात आवरा. नाझींनी युरोपातल्या ज्यू ग्रंथालयांतून लाखो पुस्तकं लुटली. युद्धानंतर १९४६ पासून फ्रँकफर्टजवळच्या ओफेनबाखच्या गोदामात ती गोळा झाली. ज्यांचे मालक उरले नव्हते ती पुस्तकं 'ज्यूइश कल्चरल रीकन्स्ट्रक्शन' या संस्थेनं जगभरच्या ग्रंथालयांना वाटली आणि त्यांवर आपली चिठ्ठी चिकटवली. अशी चिठ्ठी असेल तर पुस्तकाचा प्रवास निदान तिथपर्यंत कळतो. पण एखाद्या येशिवाचा किंवा गावच्या ग्रंथालयाचा शिक्का आहे, तो खरवडून पुसायचा प्रयत्न झालाय आणि विकणारा काही सांगत नाही, तर ते पुस्तक कितीही हवं असलं तरी मी घेत नाही. पुस्तकाची मालकी ही या लोकांसाठी केवढी गोष्ट आहे ते एका घटनेवरून कळेल. १९८५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या खबाद या हसीदी शाखेच्या ग्रंथालयातून पुस्तकं बाहेर गेली आणि विकली जाऊ लागली. खटला झाला, आणि जानेवारी १९८७ मध्ये निकाल लागला की ग्रंथसंग्रह साऱ्या हसीदी समुदायाचा आहे, कुणा वारसाचा खासगी नाही. ज्यू पंचांगाप्रमाणे तो दिवस तेव्हेत महिन्याची पाच तारीख. त्या दिवशी खबादचे लोक दरवर्षी आनंदानं नवी पुस्तकं विकत घेतात.

खरेदीची जागा. जेरुसलेमच्या मेआ शेआरीम भागात आणि बने ब्राकमध्ये जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. शुक्रवारी दुपारनंतर जाऊ नका, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, तयारीत कुणाला बोलायला वेळ नसतो. अंगभर कपडे घाला. पुस्तक दोन्ही हातांनी घ्या, जमिनीवर ठेवू नका, पालथं ठेवू नका, त्यावर मोबाइल किंवा चष्मा ठेवू नका. हातून पडलं तर उचलून ओठांना लावतात. आपण पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतो, त्यामुळे मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि दुकानदाराला ते लगेच दिसतं. भावाआधी पुस्तकात काय आहे ते विचारा. मला सगळ्यांत जास्त माहिती अशा विचारण्यातून मिळाली आहे.

लिलाव आता बहुतेक ऑनलाइन असतात. जेरुसलेमचं केदेम, न्यूयॉर्कचं केस्टेनबाउम यांचे जुने कॅटलॉग विकत काही न घेता वाचत बसा. एका ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती कशा वर्णन केल्यात, डाग, कापलेले समास, गहाळ पानं कशी लिहिलीत, हे वाचून नजर तयार होते. बोली लावताना हातोड्याच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, किमतीवर लिलावघराचं कमिशन लागतं, बऱ्याच ठिकाणी २० ते २५ टक्के. त्यावर कर आणि टपाल. हे सगळं धरून आपला आकडा कागदावर लिहा आणि तिथंच थांबा.

गेरशोम शोलेम हे काबालाचे मोठे अभ्यासक. आपल्याकडे कोणती पुस्तकं नाहीत याची त्यांनी १९३७ साली यादीच छापली होती. त्यांचा सुमारे २५,००० पुस्तकांचा संग्रह, समासांतल्या त्यांच्या टिपणांसकट, आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. यादी तुम्हीही करा आणि ती दुकानदारांना देऊन ठेवा. माझ्या यादीतली काही पुस्तकं मला फोन करून बोलावून दिली गेली.

घरी आणल्यावर पुस्तक थेट कपाटात ठेवू नका. जिवंत कीड असल्याची शंका असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतलं तापमान खोलीएवढं होऊ द्या. जेरुसलेमची हवा कोरडी, लोदची त्यामानानं दमट, आणि मुंबई-कोकणाची तर विचारूच नका. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी. मोजायचं लहान यंत्र स्वस्तात मिळतं, ते कपाटात ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. नॅफ्थलीनच्या गोळ्या नकोत. कडुलिंबाचा पालाही नको, तो चुरतो आणि डाग पाडतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावायची नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी पातळ कागद, एवढंच वापरा. ही दुरुस्ती पुढं कुणाला काढायची झाली तर पाण्यानं सुटते.

जे पुस्तक आता दुरुस्त होण्यापलीकडे गेलं आहे, ते कचऱ्यात जात नाही. देवाचं नाव असलेले कागद गेनिझात, म्हणजे जीर्ण पवित्र कागदांच्या राखीव जागेत, ठेवतात आणि नंतर दफनभूमीत पुरतात. सुटी पानंसुद्धा. जवळच्या सिनेगॉगमध्ये नेऊन दिली की ते पुढचं बघतात.

भारतातल्या वाचकांसाठी एक काम आहे. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पोथ्या, छापल्या गेल्या. पुण्याच्या हग्गादातल्या चित्रात वल्हांडणाच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका साडीत आहेत. आणि १८८७ साली पुण्यात झोहारमधल्या 'इद्रा झुटा' या भागाचं ज्यू-अरबी, म्हणजे हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या अरबीतलं, भाषांतर छापलं गेलं. ते करणारे ए. डी. एझिकिएल हे पुण्याचे ज्यू आणि थिऑसॉफिस्ट. काबालाचं गुपित असं सर्वांच्या भाषेत उघडं केलं म्हणून बगदादच्या राब्बींनी त्याला विरोध केला होता. अशी पुस्तकं रद्दीत, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजून सापडू शकतात. चौकोनी अक्षरांचं, उजवीकडून उघडणारं काही दिसलं तर आधी पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो काढा, पुस्तक कोरड्या कागदात गुंडाळा, सुटी पानं वेगळी करू नका. फोटो मुंबईतल्या ज्यू मंडळींना किंवा पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये, दाखवा. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी लगेच पाठवू नका: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि हस्तलिखितांना तर ७५ वर्षांचीच मर्यादा आहे. पुरातत्त्व खात्याकडून आधी विचारून घ्या.